भुऱ्यासाठी शब्द

प्रिय उमेंद्र,

फोनवर तू "सगळं बरं ना?" विचारतोस आणि मी "बरं" म्हणते. तेवढ्यात माय मागून हातवारे करते, रंजिताचा खोकला गेला का विचार, रायपुरात पाऊस आहे का विचार. मी घरामागच्या सांदवाडीतल्या पेरूखाली उभी राहून दबक्या आवाजात तेवढं विचारते आणि फोन ठेवते. अशा फोनमध्ये अख्खा कुत्रा सांगता येत नाही. म्हणून पत्र लिहायला बसले. लांब होणार आहे. सुटीच्या दिवशी चहा घेऊन बस आणि रंजितालाही वाचून दाखव. यातलं काही तिनंही ऐकायला हवं.

तर बातमी अशी, की आपल्या घरी कुत्रा आहे. हसू नकोस. तू लहानपणी पिशवीत घालून आणलेलं पिल्लू ज्यांनी त्याच पिशवीतून परत पाठवलं होतं, त्या बाबूजींच्या बाजेखाली आता तो पाय ताणून झोपतो. उन्हाळी सुटीच्या तोंडावर मी फुलचूरच्या माझ्या वर्गातली मुलं घेऊन गोंदियातल्या एका शेल्टरमध्ये गेले होते. जखमी जनावरांची काळजी कशी घेतात ते मुलांना दिसावं, एवढाच हेतू. सगळी कुत्री जाळीशी येऊन भुंकत होती, शेपट्या हलवत होती. एकटाच एक कोपऱ्यात उभा होता आणि आमच्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. भिंतीवरून खार चालली होती, तिच्याकडे तो बघत होता. पुढचा एक पाय उचललेला, मान लांब, शेपूट सरळ. खार भिंतीच्या टोकाला जाऊन दिसेनाशी झाली तरी पाय खाली आला नाही. माझी पोरंसुद्धा गप्प झाली. इतकं मन लावून कोणी काही बघताना मी फार वर्षांत पाहिलं नव्हतं, वर्गात तर कधीच नाही.

शेल्टर चालवणारा प्रफुल गोंदिया शहरातच वाढलेला, हिंदीतच बोलणारा मुलगा. त्यानं काही लपवलं नाही. कोहमाऱ्याच्या चौफुलीवर ढाब्यांच्या मागे हा उंदीर-घुशी मारून जगत होता. एका सशामागे धावताना ट्रकचा धक्का लागला, मागचा पाय मोडला, तो जुळला आणि हा पूर्वीसारखाच धावायला लागला. दोन घरांनी नेला, दोन्हींनी परत आणून सोडला. पहिल्या घरी शेजाऱ्यांच्या कोंबड्या गेल्या. दुसऱ्या घरी मांजर वाचलं, पण मांजरवाल्यांशी बोलणं बंद झालं. प्रफुल म्हणाला, "दीदी, दिल का एकदम साफ है, पर जो भागेगा, ये उसके पीछे भागेगा. और तीसरी बार लौटा, तो फिर मैं किसी को नहीं दूँगा. यहीं रहेगा, जाली के अंदर." जाळीच्या आत म्हणजे चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे. मी त्या उचललेल्या पायाकडे पाहिलं आणि हो म्हणून बसले. घरी काय सांगायचं, याचा विचार परतीच्या ऑटोत केला.

बाबूजींनी जे विचारलं ते तुला न सांगताही ऐकू येईल. "कायले आणलीस?" मी म्हटलं, पाळायला. "पाळायले? याचे डोरे पाहिलीस का? हे पाळायचं जनावर हाय का? कोंबड्या खाईल, बकऱ्यायचे पाय धरील, अन् सारस आले म्हंजे?" माय चुलीकडून बोलली, "असू द्या ना जी. तुमी अन् मी एकामेकाचं तोंड पाहून बसतो दिवसभर. तिसरं तोंड तरी दिसेल." त्यावर बाबूजी जरा नरमले, पण अट घातली. तळ्याकडच्या आपल्या शेवटच्या बांधीत, धानाच्या खाचरात, दर पावसाळ्यात सारसाची जोडी घरटं करते, ते तुला माहीतच आहे. तिथला धानाचा कोपरा बाबूजी अजूनही सारसांसाठी सोडतात, अंडी असली की कोणाला शेताच्या कडेच्या धुऱ्यावर फिरकू देत नाहीत. तू त्यांच्यासोबत राखणीला जायचास आणि तिथेच झोपायचास; मग ते तुला खांद्यावर टाकून आणायचे आणि मायला सांगायचे, "घे तुया चौकीदार." तर अट अशी: सारसाच्या पिल्लाच्या वाटेला हा एकदा जरी गेला, तर त्याच दिवशी परत. मी कबूल केलं. दुसरा इलाज नव्हता.

पहिली गडबड नावाची झाली. दुसऱ्या घरच्यांनी त्याचं नाव टायगर ठेवलं होतं आणि तो त्याच नावाला ओ देत होता. आपल्याकडे उन्हाळी धानाची कापणी चालू होती. हा दोर सोडवून पळाला आणि मी त्याच्यामागे धुऱ्यावरून "टायगर! टायगर!" ओरडत सुटले. क्षणात बाया विळे टाकून बैलगाडीवर चढल्या. एक तर सासूला खाली ठेवून आधी आपण चढली. त्यावरून त्या दोघींचं अजून चालू आहे. नागझिऱ्याच्या जंगलाच्या इतक्या जवळ राहून रानात असं नाव घेऊन कोणी ओरडतं का? माय म्हणाली, "मास्तरीन झाली, पन अक्कल नाही आली. हाक तरी मानसासारखी मार." त्या दिवसापासून तो भुऱ्या. तणसाच्या रंगाचा आहे, नाव शोभतं.

आता त्याचं धावणं. उमेंद्र, हे लिहून सांगण्यासारखं नाही, तरी सांगते. आधी तो थांबतो. नुसता थांबत नाही, गोठतो. एक कान उभा, दुसरा पडका, पण दोन्ही एकाच दिशेला. मग अंगातून एक थरथर जाते आणि पुढच्या क्षणी तो जिथे होता तिथे नसतो. पाय जमिनीला लागतात की नाही कळत नाही. पळताना तो भुंकत नाही, दात दाखवत नाही, चेहऱ्यावर रागाचा मागमूस नसतो. आणि मुख्य म्हणजे त्या वेळी त्याला काही ऐकू येत नाही. नजर खिळली की कान बंद. प्रफुल म्हणाला होता, हा त्याचा स्वभाव आहे, मारून जाणार नाही. धावायच्या आधीच्या त्या गोठलेल्या क्षणात त्याच्या कानात जाईल असा एक शब्द पाहिजे. "रुक" चालणार नव्हता, ढाब्यावर लोक "रुक साले" म्हणून दगड मारायचे. "थांब" पहिल्या घरी ओरडून ओरडून खराब झालेला. "नो" दुसऱ्या घरी. म्हणून प्रफुलनं एक कोरा मराठी शब्द निवडला होता: "राहा." "राहा" म्हटलं की थांबायचं, मागे बघायचं, खाऊ मिळेल. शेल्टरमध्ये आम्ही बघत असताना त्यानं करून दाखवलं. भुऱ्या उंदरावरून मान वळवून परत आला. मी टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर पहिले काही दिवस शब्द चालला. मग मंद झाला. मग बंद पडला. मी तोच शब्द, त्याच आवाजात, तोच खाऊ हातात घेऊन म्हणायची आणि भुऱ्या माझ्याकडे, घरातल्या घड्याळाच्या टिकटिकीकडे द्यावं तितकंच लक्ष द्यायचा. का ते कळेना. आणि एका सकाळी फाटक उघडं राहिलं, सेवकरामकाकांची कोंबडी आपल्या अंगणासमोरून चालली होती, मी "राहा, राहा" म्हणत राहिले आणि कोंबडी संपली.

सेवकरामकाकांकडे बाबूजी स्वतः गेले, मी मागून. तुझ्या लग्नानंतर ते त्या गल्लीत गेले नव्हते. बाबूजी आले नाहीत त्या तुझ्या लग्नाला काका आले होते, पंगतीत वाढायलाही उभे होते, हे बाबूजींना ठाऊक आहे. दारात उभं राहून बाबूजी म्हणाले, "सेवकराम, कोंबडीचं वाईट झालं." काकांनी त्यांना आत बोलावलं, खाट टाकली, चहा सांगितला. लहानपणापासून दोघं एका तळ्यात पोहलेले, त्यामुळे काका बोलायला घाबरत नाहीत. म्हणाले, "कोंबडीचं दुःख कायले करता जी? कोंबडी दुसरी येते. पोरगा दुसरा येते का?" मी खाली बघत बसले. बाबूजींनी कप रिकामा झाल्यावरही तो हातातच धरून ठेवला होता. शेवटी म्हणाले, "चहा चांगला झाला."

घरी आल्यावर मी म्हटलं, रविवारी मी याला परत सोडून येते. जाळीच्या आत जाईल, काय करणार. भुऱ्या पेरूला बांधलेला होता आणि पाखरं बघत होता. बाबूजी त्याच्याकडे बघत म्हणाले, "कोंबडीमांगं धावला तवा पाहिलीस त्याले?" मी म्हटलं, पाहिलं ना, म्हणून तर. "तू कोंबडीले पाहिलीस. मी त्याले पाहिलो." मग बराच वेळ ते तरुणपणीच्या शंकरपटाबद्दल, बैलांच्या शर्यतींबद्दल बोलत होते. त्यांची जोडी कशी सुटायची, झेंडी पडली की डाव्या बैलाच्या पाठीवरून कशी लाट जायची. आपल्याला पाठ आहेत त्या गोष्टी. पण या वेळी त्यात एक वाक्य नवं होतं. "धावनाऱ्या जनावराचा दोष नसते. कासऱ्याचा असते. तुया त्या पोट्ट्यानं कासराच कच्चा देल्ला. पक्का करून पाहू. पन सारसाची अट हाय, ते विसरू नोको."

कासरा कुठे कच्चा होता ते सापडलं मायमुळे. ती संध्याकाळी घरापुढच्या छपरीत भाजी निवडत मावशीशी फोनवर बोलत होती. "काय करून राहिली वं बाई? मी? मी भाजी निवडून राहिली. हे बसून राहिले बाहेर, रविता पेपर तपासून राहिली, पानी तर असं येऊन राहिलं का विचारू नोको..." आणि मी पेपर खाली ठेवला. भुऱ्या अंगणातून चालला होता. मायच्या प्रत्येक वाक्याला त्याचा पडका कान एकदा हलायचा. नुसता हलायचा. बस. मला एकदम लख्ख दिसलं. पहिल्या दिवसांत हा बिचारा अंगणात चालता चालता सारखा थबकायचा, मागे वळून मायकडे बघायचा, आणि आम्ही म्हणायचो, नवीन आहे, बावरतो. बावरत कसला होता! आपण त्याला थांब म्हणत होतो. हे घर, ही गल्ली, अख्खं गाव सकाळपासून त्याला थांब म्हणत होतं. जेवून राहिला का, जाऊन राहिलो, येऊन राहिली. तो प्रत्येक वेळी थांबला, मागे बघितलं, कोणी काही दिलं नाही. किती दिवस थांबेल? हिंदीत वाढलेल्या प्रफुलला तो शब्द कोरा वाटला. आणि मी मराठी शिकवणारी बाई! दिवसभर मुलांच्या वहीतलं "करून राहिलो" खोडून "करतो आहे" लिहिते, पण घरात आले की मलाही ते ऐकू येत नाही. बाबूजींना सांगितलं तर ते असे हसले की खोकला लागला. "सारं गाव त्याले थांब म्हनून राहिलं, अन् आपन त्यालेच बहिरा म्हनून राहिलो!" हे म्हणतानाही भुऱ्याचा कान दोनदा हलला.

मग नवा शब्द शोधणं सुरू झालं. मायनं "बस करा" सुचवलं. तो शब्द ती बाबूजींना दिवसभर म्हणते, म्हणून बाद. मी "स्थिर" म्हटलं. बाबूजी म्हणाले, "भाषन द्यायचं हाय का त्याले?" मग त्यांनीच सांगितलं कसा शब्द पाहिजे ते. "या घरात कोनी बोलत नाही, असा पाहिजे. गल्लीत बी नाही. अन् लांब ओढता आला पाहिजे, या धुऱ्यावून त्या धुऱ्यावर जाईल असा." माय निवडलेलीच भाजी परत निवडायला लागली. शेवटी बाबूजी उठले, म्हणाले, "पाहतो मी," आणि दुसऱ्या सकाळी कमरेला लांब दोर गुंडाळून भुऱ्याला घेऊन तळ्याकडे गेले. एकटेच.

आणि आता जे लिहितेय ते मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मीही मानलं नसतं. आपल्याला पोहायला शिकवताना याच माणसानं तळ्यात ढकललं होतं ना? तुला सायकल शिकवताना दोन फेऱ्यांनंतर "तुले येत नाही, उतर" म्हणाले होते. तेच बाबूजी रोज पहाट उजाडली की निघायचे. आधी मोकळ्या बांधीत, जिथे बघायलाही काही नाही तिथे उभं राहून शब्द म्हणायचे आणि अंड्याचा तुकडा द्यायचे. ज्यांनी आयुष्यात अंड्याला हात लावला नाही त्यांच्या बंडीच्या खिशात उकडलेली अंडी! माय ती सांदवाडीत वेगळ्या चुलीवर, वेगळ्या गंजात उकडते आणि म्हणते, "कोंबडी खाऊ नोको म्हनून अंडं चारून राहिले, असे शहाने." मग दोर लांब झाला. मग बांबूच्या टोकाला चिंधी बांधून ती गवतातून पळवायची. आधी त्याला मनसोक्त धावू द्यायचं, धरू द्यायचं, मग मध्येच शब्द. चुकला तर ओरडायचं नाही, दोन पावलं मागे जाऊन पुन्हा सुरुवात. मी लांबून बघायची. शब्द ऐकू यायचा नाही, वारा उलटा असायचा, आणि जवळ गेलं की दोघंही थांबायचे. "कोणता शब्द आहे?" विचारलं तर म्हणाले, "तुले काय करायचं? कुत्र्याले समजते." माय एकदा भाकरी घेऊन गेली आणि परत येऊन मला म्हणाली, "तू जाऊ नोको तिकडं. शिकू दे त्यायले." मी म्हटलं, भुऱ्याला ना? ती म्हणाली, "त्यायले म्हनलं मी. दोघायले."

मी नुसतं कौतुक केलं असं समजू नकोस. एका संध्याकाळी मी त्यांना तोंडावर म्हटलं, की कुत्र्याला छपरी मिळाली, सुनेला अजून दार उघडलं नाही. तिच्या हातचं पाणी नको, आणि याच्यासाठी अंडी उकडतात. रंजिताचं नाव घेऊन म्हटलं. तुझं नाव मात्र घेतलं नाही. ते या घरात निघत नाही, तुला ठाऊक आहे. माय "रायपूरवाला" म्हणते, मी "तो" म्हणते. बाबूजींनी भाषणाच्या शेवटी मला शाबासकी दिली नाही आणि रागावलेही नाहीत. भुऱ्याच्या कानातली गोचीड काढत बसले. मला वाटलं, ऐकलंच नाही. भुऱ्याबद्दलही असंच वाटायचं.

श्रावणात अंड्यांतून एक पिल्लू बाहेर आलं. पोळ्यानंतर ते आईबापांच्या मागे बांधीतून फिरायला लागलं. तांबूस, लांब पायांचं, सारखं अडखळणारं. बाबूजींनी त्या बाजूनं भुऱ्याला नेणं बंद केलं होतं. पण त्या सकाळी सारसं स्वतःच तीन बांध्या ओलांडून अलीकडे आली. मी बाबूजींसाठी कडीच्या बरणीत चहा घेऊन धुऱ्यावर पोचत होते. भुऱ्यानं आधी पाहिलं. पाय उचलला गेला, मान लांब झाली. बाबूजींनी दोर आवळला आणि दोराची जुनी गाठ सुटली. नुसतं टोक त्यांच्या हातात राहिलं. तो सुटला, उमेंद्र. धानाच्या शेंड्यांवरून तणसाच्या रंगाची एक रेघ. मोठे दोन्ही सारस पंख पसरून किंचाळायला लागले, पिल्लू चिखलात बसलं. माझ्या हातून बरणी पडली. बाबूजी धावले नाहीत. दगड उचलला नाही. दोन्ही हात तोंडाशी नेले आणि हाक मारली. आपल्या तळ्याकडून घरापर्यंत ऐकू यायची तशी, शेवटचं अक्षर ओढत नेणारी हाक.

"उमेंदरऽऽऽ!"

मी तिथेच उभी राहिले. भुऱ्या थांबला. चिखलात पाय घसरत, फरफटत, पण थांबला. पिल्लू त्याच्यापासून एका उडीवर असेल. त्याचं सगळं अंग पुढे होतं आणि मान मागे वळलेली. अंगातून थरथर जात होती. एकदा पिल्लाकडे बघायचा, एकदा बाबूजींकडे. त्या जनावराला जगात जे सगळ्यात हवं असतं ते त्याच्या नाकासमोर बसलं होतं. बाबूजींनी दुसऱ्यांदा हाक मारली नाही. हात खाली केले आणि वाट पाहिली. आणि भुऱ्या वळला. पळत नाही, चालत आला, अगदी सावकाश, शेपूट खाली, आणि येऊन त्यांच्या पायावर डोकं टेकवलं. बाबूजींना खाली बसता येत नाही, गुडघे दुखतात, तुला माहीत आहे. ते धुऱ्याच्या चिखलात बसले. खिशातली सगळी अंडी त्याला चारली. सारसं पिल्लाला घेऊन तळ्याकडे गेली. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "हाच एक शब्द होता बाई. घरात कोनी बोलतच नोहतं."

ही गोष्ट पोळ्यानंतरची. तेव्हापासून भुऱ्याचं घरातलं स्थान पक्कं झालं, आणि तुझं नाव रोज सकाळी तळ्यावरून ऐकू येतं, बाया विचारतात, "उमेंदर आला का जी?" काल संध्याकाळी मी पेपर तपासत होते, तर बाबूजी समोर येऊन बसले आणि म्हणाले, "त्याले एक पत्र लिहून टाक. नाव त्याचं हाय, अन् मी न विचारता वापरून राहिलो. बरं नाही ते." मी विचारलं, काय लिहू? ते भुऱ्याचा पडका कान चोळू लागले. "लिह्य, का या नावाले कुत्रा वापस येते म्हना." मग मी पेन खाली ठेवलं आणि स्पष्ट सांगितलं, बाबूजी, तो एकटा येणार नाही, आणि मीही त्याला एकटं ये असं लिहिणार नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी काहीतरी वेड्यासारखं बोलले. म्हणाले, "एकटा काऊन येईल? लगन झालं हाय ना त्याचं."

तुझीच, आणि रंजिताचीही,
रविताताई